निकाल नको, ऐकलं ते सांगा

एखाद्या मुलाने रात्री जागून लॅपटॉपवर ट्रॅक बनवला आणि मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, की त्याला साधारण तीन प्रकारची उत्तरं मिळतात. पहिलं ‘भारी रे’, ‘कडक’, सोबत आगीचं चित्र. दुसरं घरातल्या मोठ्यांचं: हे कसलं संगीत, सगळं मशीनच तर वाजवतंय, आधी आवाज कमी कर. तिसरं या क्षेत्रात दोन-चार वर्षं आधी उतरलेल्या जाणत्याचं: मिक्स कच्चा आहे, अजून खूप शिकायचंय तुला. कौतुक, उपेक्षा आणि अधिकारवाणी ही एकमेकांपासून फार लांबची वाटतात, पण त्या मुलाच्या दृष्टीने तिन्हींची किंमत सारखीच. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा काम उघडून बसतो तेव्हा काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे यांतल्या एकाही उत्तराने त्याला कळत नाही. माझं म्हणणं असं, की हौशी संगीत ऐकणाऱ्याने निकाल देऊ नये आणि दुरुस्ती सुचवायचीही घाई करू नये. ट्रॅक ऐकताना आपल्याला काय झालं, कितव्या सेकंदाला झालं आणि आपण तो कशावर ऐकत होतो, एवढं नेमकं सांगावं. संगीत न शिकलेल्या माणसालाही हे काम उत्तम जमू शकतं, आणि आपल्याकडच्या या मुलामुलींना आज सगळ्यांत जास्त गरज त्याचीच आहे.

तबला किंवा गाणं शिकणाऱ्यांपेक्षा ही गरज त्यांना जास्त का, हे आधी पाहू. क्लासला जाणाऱ्या मुलीचा स्वर ढळला तर समोर बसलेले गुरुजी तिथल्या तिथे थांबवतात. तबलजीच्या चेहऱ्यावरूनही तिला काही कळतं, मागे बसलेल्या विद्यार्थिनींच्या चुळबुळीवरूनही कळतं. ढोल-ताशा पथकात नवा वादक चुकला तर आजूबाजूच्या ढोलांचा ठोकाच त्याला ओढून जागेवर आणतो. संगणकावर संगीत करणाऱ्याच्या वाट्याला यातलं काही येत नाही. रचना त्याची, वादन त्याचं, ध्वनिमुद्रण त्याचं, सगळ्या आवाजांची पातळी जुळवण्याचं म्हणजे मिक्सिंगचं कामही त्याचंच, आणि हे सारं दार लावून, कानांवर हेडफोन चढवून. आज एफएल स्टुडिओ म्हणून ओळखलं जाणारं सॉफ्टवेअर 1997 साली बेल्जियममधून आलं, 2001मध्ये बर्लिनमधून एबलटन लाइव्ह आलं, 2004मध्ये ॲपलने गॅरेजबँड आणलं. त्यांनी स्टुडिओचं भाडं वाचवलं, आणि त्याबरोबर स्टुडिओत असायची ती माणसंही गेली. पूर्वी रेकॉर्डिस्ट असे, अरेंजर असे, आपली पाळी यायची वाट पाहणारे वादक असत. एखादी जागा जमली की त्यांची मान हले, नाही जमली तर हलत नसे. आता पहिला ऐकणारा भेटतो तो काम संपल्यावर. म्हणून त्याच्या दोन वाक्यांवर इतका भार पडतो.

नेमकं सांगणारं कोणी नसलं की मुलं जिथून उत्तर मिळेल तिथून शिकतात. आपल्याकडे सगळ्यांत मोठं आणि ताबडतोब मिळणारं उत्तर गर्दीचं असतं. विसर्जन मिरवणूक, दहीहंडी, हळदीचा कार्यक्रम अशा ठिकाणी स्पीकरच्या भिंतींवर वाजणारे रिमिक्स करणारी अनेक पोरं घरच्या लॅपटॉपवरच शिकलेली असतात. गर्दी नाचली की ट्रॅक चांगला, नाही नाचली तर वाईट. ही कसोटी खोटी आहे असं मी म्हणत नाही. नाचण्यासाठी केलेल्या संगीताने नाचवलंच पाहिजे. पण या कसोटीत एक मोठी गोची आहे. एकच आवाज दोनदा ऐकवला आणि दुसऱ्या वेळी तो किंचित मोठा ठेवला, तर बहुतेकांना मोठा आवाज ‘जास्त चांगला’ वाटतो. ध्वनितंत्रज्ञांना ही गोष्ट फार जुनी ठाऊक आहे, आणि सीडीच्या काळात जगभरच्या कंपन्या तिच्याच मागे लागून आपापली गाणी दाबून-दाबून मोठी करत गेल्या. गर्दीकडून मुलगा काय शिकतो, तर आणखी मोठं कर. मग हाच ट्रॅक तो गाणी ऐकवणाऱ्या ॲपवर चढवतो तेव्हा डाव उलटतो. आवाजाची सरासरी पातळी मोजण्याचं आंतरराष्ट्रीय मानक 2006 साली आलं, आणि आता स्पॉटिफायसारख्या सेवा प्रत्येक ट्रॅक साधारण उणे 14 एलयूएफएस या पातळीला आणून ठेवतात. दाबून मोठा केलेला ट्रॅक तिथे आपोआप खाली येतो आणि शेजारच्या मोकळ्या ट्रॅकपुढे सपाट वाटतो. डीजेच्या भिंतींवरची आपली चर्चा 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांभोवती फिरते. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती पाळली गेलीच पाहिजे यात दुमत नाही. पण ही मुलं आवाजाच्या मागे का लागली, हे विचारताना त्यांना दुसरं कुठलं उत्तर आपण कधी दिलं का, हेही विचारायला हवं.

उत्तर कसंही दिलं तरी चालतं, काहीच न बोलण्यापेक्षा बरं, अशी एक समजूत आहे. संशोधन तिला दुजोरा देत नाही. ॲव्राहम क्लुगर आणि ॲंजेलो डिनिसी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 1996मध्ये या विषयावरच्या कित्येक दशकांच्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास मांडला. अभिप्रायामुळे सरासरीने काम सुधारतं, हे त्यातून दिसलं. पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा अभिप्रायानंतर काम आधीपेक्षा खालावलं, हेही दिसलं. त्यांनी दिलेलं कारण आपल्या विषयाशी थेट भिडतं. लक्ष कामाकडून माणसाच्या स्वतःकडे वळलं, म्हणजे ‘हे कसं झालंय’ याऐवजी ‘मी कसा आहे’ हा प्रश्न डोक्यात शिरला, की अभिप्रायाची ताकद घटते. ‘तू जीनियस आहेस’ आणि ‘तुझ्यात ते नाहीच’ ही दोन वाक्यं या बाबतीत सख्खी भावंडं आहेत. दुसरा दाखला रूथ बटलर यांच्या 1988च्या प्रयोगाचा. इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांपैकी काहींना त्यांच्या कामावर फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्या मुलांचा रस टिकला आणि कामही चांगलं झालं. गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांची अवस्था मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. आकडा दिसला की शेरा वाया गेला. ट्रॅक ऐकून ‘दहापैकी सात’ म्हणायची आपल्याला फार हौस असते. त्या सातपुढे कितीही मोलाचं काही लिहिलं तरी मुलाच्या मनात सातच उरतो.

माणसाकडे बोट दाखवणारा शेरा फक्त दुखावणारा नसतो, पुष्कळदा तो चुकीचाही असतो. हे नीट समजून घेण्यासाठी आपल्याकडची दहा बाय दहाची खोली घ्यावी. समोरासमोरच्या भिंतींत दहा फूट म्हणजे साधारण तीन मीटर अंतर असलं, की 56-57 हर्ट्झच्या आसपासचा खोल आवाज त्यांच्यामध्ये अडकून घुमू लागतो. भौतिकशास्त्राच्या नियमाने हा घुमारा भिंतींजवळ सगळ्यांत जोरात आणि बरोबर मधोमध सगळ्यांत क्षीण ऐकू येतो. खोली चौरस असल्यामुळे लांबी-रुंदी दोन्हींचा घुमारा एकाच जागी पडतो, म्हणजे घोळ दुप्पट. इलेक्ट्रॉनिक संगीतातला मुख्य ठोका, ज्याला ही मुलं किक म्हणतात, त्याचा पाया पुष्कळदा याच 50-60 हर्ट्झमध्ये असतो. आता खोलीच्या मध्यावर टेबल टाकून स्पीकरसमोर बसलेल्या मुलीला किक कमी ऐकू येते, म्हणून ती वाढवते. ट्रॅक मित्राकडे जातो, तो भिंतीला टेकलेल्या कॉटवर बसून ऐकतो, आणि त्याच्या छातीवर ठोके आदळतात. तो म्हणतो, ‘तुला बेसचं काही कळत नाही.’ बेसचं तिला उत्तम कळत असेल. खोलीने दोघांनाही फसवलं. त्यात आणखी एक भर असते. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 सालीच दाखवून दिलं होतं, की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे सूर प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. घरचे झोपल्यावर हळू आवाजात काम करणारी मुलगी म्हणूनही बेस वाढवते. त्याऐवजी मित्राने जर असं सांगितलं असतं, की ‘मी कॉटवर भिंतीला टेकून ऐकलं, ठोका इतका मोठा होता की बाकीचं दबलं; पण फोनवर ऐकलं तेव्हा ठोका जवळजवळ गायबच होता’, तर तिला निदानापर्यंत जायला वाट मिळाली असती. फोनचा चिमुकला स्पीकर इतका खोल आवाज काढूच शकत नाही, हे तिला ठाऊक असतं किंवा शोधल्यावर सापडतं. मग ठोक्याच्या वरच्या सुरांत थोडी धार आणायची की टेबल हलवायचं, हे ती ठरवेल.

म्हणूनच दुरुस्ती सुचवण्याबद्दल मी सावध आहे. ‘60 हर्ट्झला तीन डेसिबल कमी कर’ हे वाक्य तज्ज्ञाचं वाटतं, पण सांगणारा स्वतःच्या खोलीतला, स्वतःच्या स्पीकरवरचा, आणि स्वतःच्या आवडीचा उपाय सांगत असतो. ‘आवाज गढूळ वाटला’ या एका अनुभवामागे कितीतरी कारणं असू शकतात: दोन वाद्यं एकाच सुरपट्टीत येऊन एकमेकांना झाकत असतील, घुमाऱ्याचा इफेक्ट जास्त झाला असेल, किंवा सगळंच दाबून मोठं केलं असेल. बाहेरून ऐकणाऱ्याला फक्त पूर्ण झालेला ट्रॅक मिळतो, आतले सुटे पदर मिळत नाहीत. शिंप्याकडे कपडा घालून पाहणारा माणूस ‘काखेत ओढतंय’ एवढंच सांगतो. कात्री कुठून चालवायची हे शिंप्याला उलटं शिकवत बसत नाही, आणि त्याने तेवढं सांगितलं तरच कपडा नीट होतो. अनुभवी माणसाकडे उपाय असेल तर त्याने जरूर द्यावा, पण विचारल्यावर, आणि आपल्याला काय जाणवलं ते आधी सांगून झाल्यावर.

ऐकणाऱ्याकडे जे असतं ते बनवणाऱ्याकडे पुन्हा कधीच येऊ शकत नाही, हा या सगळ्या युक्तिवादाचा गाभा आहे. ते म्हणजे पहिलं ऐकणं. इलेक्ट्रॉनिक संगीत बहुधा एका छोट्या लूपमधून वाढतं. आठ आवर्तनांसारख्या आठ बारचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवत त्यावर एकेक थर चढवला जातो. ट्रॅक पुरा होईपर्यंत त्या मुलाने तो तुकडा शेकडो वेळा ऐकलेला असतो. रॉबर्ट झायन्स यांनी 1968मध्ये दाखवलं, की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती आपल्याला आवडू लागते. म्हणजे स्वतःच्या लूपवर जडलेल्या त्याच्या प्रेमात गुणाचा भाग किती आणि सवयीचा किती, हे त्याचं त्यालाही सांगता येणार नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असल्यामुळे उत्कंठा टिकते का, हेही तो तपासू शकत नाही. ते फक्त ताजा कान सांगू शकतो, आणि प्रत्येक कान एकदाच ताजा असतो. म्हणून ट्रॅक पहिल्यांदा ऐकताना मध्ये थांबवू नये, पुढे ढकलू नये, स्वयंपाक करता करता ऐकू नये. तीन-चार मिनिटं द्यावीत, आणि लक्ष कुठे गेलं, कुठे परत आलं याची वेळ कागदावर टिपावी. कंटाळ्याची वेळही टिपावी. संगीताची परिभाषा येत नसेल तर उत्तमच. साध्या मराठीत जे सुचेल ते लिहावं.

अशा नोंदी कशा असतात? ‘एक मिनिट दहा सेकंदांवर वाटलं, आता काहीतरी फुटणार. पुढची वीस सेकंदं काहीच झालं नाही, आणि खरंच झालं तोवर माझं लक्ष उडालं होतं.’ ‘हलगी आली तिथे आपोआप मान हलू लागली, पण ती एकदाच आली, मी शेवटपर्यंत तिची वाट पाहत राहिलो.’ ‘गाणारीचे शब्द सुरुवातीला कळले, मागे तो सरसरणारा आवाज आल्यावर कळले नाहीत. फोनवर ऐकत होतो.’ ‘तुझं नाव घेणारा तो आवाज तिसऱ्यांदा आला तेव्हा गाण्यातून बाहेर फेकल्यासारखं झालं.’ ‘संपलं की बंद पडलं ते कळलं नाही.’ यातलं एकही वाक्य लिहायला संगीतशास्त्र लागत नाही, आणि एकाही वाक्यावर त्या मुलाला वाद घालता येत नाही, कारण मान हलली की नाही हे ऐकणाऱ्यालाच ठाऊक. चांगलं वाटलं त्याचीही नोंद इतकीच नेमकी हवी. हलगी आवडली हे सांगितलं नाही तर पुढच्या आवृत्तीत तो नेमकी हलगीच काढून टाकेल, कारण बाकी सगळं त्याला घट्ट वाटत असेल आणि हलगीबद्दलच धाकधूक असेल. नुसत्या ‘भारी’ने ती वाचत नाही.

या नोंदींना अर्थ येण्यासाठी एक प्रश्न मात्र आधी विचारावा लागतो: हे कशासाठी केलंयस? पहाटेच्या नाचासाठी केलेला ट्रान्सचा ट्रॅक सात-आठ मिनिटं चालतो आणि त्यात बदल फार सावकाश होतात. अंजुण्याच्या किनाऱ्यावर वाढलेल्या आणि पुढे गोवा ट्रान्स या नावाने जगभर गेलेल्या संगीताचा तो धर्मच आहे. त्याला मुखडा-अंतऱ्याच्या मापाने मोजून ‘फार लांबलंय’ म्हणणं म्हणजे विलंबित ख्यालाला ‘लवकर आटप’ म्हणण्यासारखं. उलट तीस सेकंदांच्या रीलसाठी केलेल्या तुकड्याची पहिली वीस सेकंदं तयारीतच जात असतील तर ती अडचण खरी. लघुपटाच्या संवादामागे वाजायचं असेल तर लक्ष वेधून न घेणं हाच त्याचा गुण ठरतो. हेतू न विचारता दिलेल्या अभिप्रायात ऐकणारा स्वतःच्या आवडीचा ट्रॅक मागत असतो. तो करायला त्या मुलाला कोणी सांगितलेलं नाही.

निकाल देण्याबद्दलच्या माझ्या अविश्वासाचं आणखी एक कारण इतिहासात आहे. रोलँड या जपानी कंपनीने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-303 नावाचं छोटं यंत्र आणलं. एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा, हा त्याचा उद्देश होता. बेस म्हणून त्याचा आवाज कोणाला पटला नाही आणि 1984च्या सुमारास त्याचं उत्पादनही थांबलं. शिकागोतल्या काही तरुणांनी जुन्या बाजारात ते स्वस्तात मिळवलं, त्याची बटणं भलतीच फिरवली, आणि 1987मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ बाहेर पडला. एका नव्या संगीतप्रकाराला त्यावरून नाव मिळालं. त्याच्या पाच वर्षं आधी, 1982 साली, मुंबईतल्या हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी हेच यंत्र, टीआर-808 हे तालयंत्र आणि ज्युपिटर-8 हा सिंथेसायझर घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही त्यांची रेकॉर्ड त्या वेळी फारशी कोणी विचारात घेतली नाही. 2010मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा जगभरचे लोक चकित झाले, आणि वृद्ध सिंग यांना युरोपात मंचावर बोलावणी आली. 2015मध्ये त्यांचं निधन झालं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत 1969मध्ये मूग सिंथेसायझर बसला आणि तिथे गीता साराभाईंसह काही जणांनी केलेले प्रयोग अर्ध्या शतकानंतर, 2023मध्ये लोकांपुढे आले. प्रत्येक हौशी ट्रॅकमध्ये असं काही दडलेलं असतं, असा माझा दावा अजिबात नाही, बहुतेकांमध्ये नसतं. पण विचित्र वाटणारी गोष्ट चूक आहे की सुरुवात, हे पहिल्या ऐकण्यात ठरवण्याइतका कोणाचाच कान भरवशाचा नाही. ‘दोन मिनिटांवरचा तो किंचाळणारा आवाज मला त्रास देऊन गेला, पण नंतर दिवसभर तोच डोक्यात होता’ एवढं सांगितलं, तर ती चूक की सुरुवात हे त्याला ठरवता येईल.

यावर सगळ्यांत जोरकस आक्षेप येतो तो गुरुपरंपरेचा. आपल्याकडचे मोठे कलावंत मऊ शब्दांवर घडले नाहीत, बोलणी खाऊन घडले; मुलांना जपून-जपून बोललं तर ती कच्चीच राहतील, असं म्हटलं जातं. या आक्षेपात तथ्य आहे, पण ते वेगळ्या जागी आहे. चांगला गुरू शिष्याला रागवतो तेव्हा तो त्याच क्षणी स्वतः ती जागा गाऊन दाखवतो. चूक कुठल्या स्वरावर झाली हे त्यातून शिष्याला कळतं, तो पुन्हा म्हणतो, गुरू पुन्हा ऐकतो. दोघांना गाठायचा पल्ला माहीत असतो आणि नातं वर्षानुवर्षांचं असतं. कठोरपणाचं फळ या नेमकेपणातून आणि सातत्यातून येतं. ते सगळं वगळून फक्त रागावणं उचललं तर हातात रागावणंच राहतं. शिवाय मी सुचवतो ती पद्धत मऊ मुळीच नाही. ‘मला पंचेचाळिसाव्या सेकंदाला कंटाळा आला’ हे वाक्य ‘मिक्स कच्चा आहे’पेक्षा कितीतरी जास्त झोंबतं, कारण त्यातून पळवाट काढता येत नाही. फरक इतकाच की झोंबल्यावर काय करायचं हेही त्यातून कळतं. ज्याच्यात गुणच नाही त्याला खोटी आशा का लावायची, असंही विचारलं जातं. पहिल्या पाच-दहा ट्रॅकवरून गुण ओळखता येतो हे गृहीतकच मला मान्य नाही. आणि जो आवड म्हणून करतो, त्याने ते करत राहण्यासाठी कोणाची परवानगी का घ्यावी?

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. आता पातळी, बेस, घुमारा सगळं मोजणारी साधनं आहेत, ट्रॅक चढवला की काही मिनिटांत तो आपोआप मास्टर करून देणाऱ्या सेवा 2014पासून आहेत, आणि कृत्रिम बुद्धिमत्ता तर तासाला शंभर सूचना देईल. मग माणसाला का त्रास द्यायचा? मोजता येण्यासारखं ते यंत्राकडून जरूर मोजून घ्यावं. डाव्या-उजव्या कानांचे आवाज एकत्र केल्यावर काही पुसलं जातं का, हे यंत्र माणसापेक्षा चांगलं सांगतं, आणि हेडफोनवर काम करणाऱ्यांनी ते तपासायलाच हवं, कारण मांडवातल्या एकाच कर्ण्यावर त्यांचा रुंद पसरवलेला सिंथ नाहीसा होऊ शकतो. पण यंत्र आधीच्या लाखो ट्रॅकशी तुलना करून हा ट्रॅक त्यांच्यासारखा किती, एवढंच सांगतं. ते कंटाळत नाही. हलगीची वाट पाहत नाही. अनोळखी माणसाचं लक्ष कुठे उडालं, हे कळण्यासाठी लक्ष उडू शकणारा माणूसच लागतो.

काही बाबतींत मात्र सरळ निकालच द्यावा, तिथे हा संयम नको. दुसऱ्याचा गायलेला आवाज किंवा वाजवलेला तुकडा न विचारता उचलून स्वतःच्या नावावर टाकला असेल, एखाद्या समाजाला किंवा बाईला उद्देशून ओंगळ शब्द असतील, किंवा मध्येच कानाला इजा होईल असा अचानक स्फोट ठेवला असेल, तर ‘हे काढ’ असंच म्हणावं. ते संगीताचं मत नव्हे.

बनवणाऱ्यावरही जबाबदारी आहे, आणि ती अनेकदा झटकली जाते. ‘कसा वाटला?’ असा मोघम प्रश्न विचारणाऱ्याला मोघम उत्तर मिळणारच. लिझ लर्मन या अमेरिकन नृत्यरचनाकार बाईंनी 1990मध्ये नवं काम पाहून बोलण्याची एक पद्धत बसवली. तिच्यात प्रेक्षक आधी आपल्याला काय ठसलं ते सांगतात, मग कलावंत स्वतःचे प्रश्न विचारतो, मग प्रेक्षक ज्यांत कुठलंही मत दडलेलं नाही असे साधे प्रश्न विचारतात, आणि मतं अगदी शेवटी येतात, तीही कलावंताने होकार दिल्यावर. महाविद्यालयांच्या संगीत मंडळांत, गणेश मंडळांच्या तरुण पोरांत, अमेरिका-युरोपात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या घरांत ही पद्धत सहज राबवता येईल. त्यासाठी पैसे लागत नाहीत, वर्तुळात बसून शांतपणे ऐकणारी चार माणसं लागतात. मुलाने विचारावं: बदल उशिरा आला का? दुसऱ्या भागात बाईचा आवाज आणि सिंथ भांडतात का? ऐकताना स्वतःचं समर्थन करू नये, लिहून घ्यावं. एकाने सांगितलं तर ती त्याची आवड असू शकते; एकमेकांशी न बोललेल्या तिघांनी त्याच दहा सेकंदांकडे बोट दाखवलं तर तिथे काहीतरी आहे. काय आहे, याबद्दल तिघांची कारणं वेगवेगळी असतील, आणि ती तिन्ही चुकीचीही असतील. तरी जागा बरोबर असते.

आपल्याकडे राहून जातं ते यापुढचं. मुलगा सगळं ऐकून घेतो, आठवडाभर खपतो, नवी आवृत्ती पाठवतो, आणि तोवर ऐकणाऱ्यांचा उत्साह ओसरलेला असतो. ‘आता मस्त झालाय’ म्हणून विषय मिटतो. बदलाने खरंच फरक पडला का, हे कळल्याशिवाय पहिल्या फेरीतलं त्याचं शिकणं अर्धवटच राहतं. म्हणून ज्याने पहिल्यांदा वेळ दिला त्याने दुसऱ्यांदाही द्यावा, आणि शक्य असेल तर एखादा पूर्ण नवा कानही सोबत आणावा, कारण आपला पहिला कान आता खर्च झालेला असतो. मुलाने जुनी आणि नवी आवृत्ती सारख्या मोठेपणाला आणून ‘अ’ आणि ‘ब’ एवढ्याच नावांनी पाठवाव्यात, कुठली नवी ते सांगू नये. ऐकणाऱ्याने दोन्ही ऐकाव्यात, त्याच स्पीकरवर, त्याच जागी बसून. आणि त्याला जुनीच बरी वाटली तर तेही, कितव्या सेकंदाला तसं वाटलं त्यासकट, लिहून कळवावं.